दिवसा माग, रातीला माळ

मामा डोईला पटका न्हाय आसं पळत आले, तितंच मला कळलं काय तरी वाईट झालंय. मामा म्हंजे माझे सासरे. बिनपटक्याचं त्यांला मी घरात सुदिक कधी बघितलेलं न्हवतं. आणि हितं तर आमराईत आमचा बायकांचा वर्ग बसलेला, मास्तर इतिहास सांगाय लागलेले, तिकडनं जाणारा गडीमाणूस मान खाली घालूनच जायचा. हे सरळ झाडापत्तूर आले आणि खोकले. खोकले तेवढंच. मी उठले, मांडीवरची पाटी खाली पडली, मास्तर मागनं काय तरी म्हणाले ते मला ऐकू आलं न्हाय.

"काय झालं मामा?"

"पोरगी पाय लांब करंना झालीया."

माळावरच्या झोपड्या तितनं दिसत व्हत्या, पण पळाय लागलं की त्या लांब लांब जात्यात का काय आसं वाटाय लागलं. पदर दातात धरला आणि पळतच इचारत व्हते, ताप हाय का, मामा म्हणाले हाय, कवापासनं म्हटलं तर नुसते पळतच राहिले. परत इचारलं तवा म्हणाले, "सकाळीच आंग गरम व्हतं गं. तुझी सासू म्हणाली दात याय लागलेत, उगंच तिच्या जिवाला घोर नको, वर्गाला जाऊ दे तिला."

झोपडीच्या दारात आत्ती, म्हंजे माझी सासू, मीठ-मिरच्या घिऊन दिष्ट काढत बसलेली. पोरगी आत घोंगड्यावर. दीड वरसाची माझी पोरगी, नुकती भिताडाला धरून चालाय लागलेली, ती आता उजवा पाय पोटाशी घिऊन पडलेली आणि डोळे लाल, गुंज कशी आसती तसे. मी पाय धरला तशी आसली किंचाळली की बाजूच्या झोपडीतनं शेजारची आक्का बाहेर आली. मी जांघंत हळूच बोट लावलं. सुपारीएवढं काय तरी लागलं. मी बोट काढून घेतलं आणि परत लावलं, की आता नसंल. व्हतंच.

त्येचं नाव आमच्याकडं कुणी तोंडानं घेत न्हाय. गाठ म्हणत्यात. गाठ आली म्हणत्यात, आणि मग गप बसत्यात.

आता हे कसं झालं ते सांगते. नीट सांगाय येतं का बघते, कारण माझी शाळा पाचवीपत्तूरच झालीया, पुढं लगीन झालं.

आमचं घर बेळगावच्या शहापुरात, विणकराच्या गल्लीत. घरात माग. माग म्हंजे जमिनीत खड्डा काढलेला, त्यात पाय सोडून बसायचं आणि वर साडी विणायची. सुताला ताठ करायला पिठाची खळ लावायची, ती खळ सांडती, वाळती, खड्ड्यात तिचे पापुद्रे पडत्यात आणि ते खायला उंदीर येत्यात. विणकराच्या घरात उंदीर आसायचेच, त्येचं कुणाला काय वाटत न्हाय. पण त्या वरसाला एक दिवस मामा खड्ड्यात पाय सोडाय गेले आणि पायाला मऊ काय तरी लागलं. मेलेला उंदीर. तोंडातनं रगत आलेला. मामांनी त्येला चिमट्यानं उचललं आणि कुणाला काय बोलले न्हाईत. दुसऱ्या दिवशी आक्काच्या घरात आढ्यावरनं एक पडला, आक्का म्हंजे आमच्या भिताडाला भिताड लागलेली शेजारीण, ती भाकरी थापत व्हती, परातीच्या बाजूलाच पडला. मग लपवाय काय राहिलंच न्हाय. सगळी गल्ली भांडीकुंडी घिऊन माळावर आली. दर दोनतीन वरसानं आमच्याकडं हे आसंच चालतंय, कुणाला काय सांगाय लागत न्हाय, बांबू कुठं, चटया कुठं, सगळं ठरलेलं.

पण माग कसा आणणार माळावर. तो जमिनीतच हाय. आणि मागावर लग्नसराईच्या साड्या आर्ध्या विणलेल्या, तसाच उभ्या सुताचा ताणा सोडला तर सूत ढिलं पडतंय, उंदीर कुरतडत्यात, सगळं वाया. म्हणून गल्लीतल्या गड्यांनी एक रीत काढलेली. रातीला माळावर निजायचं, दिवसा घरात जाऊन विणायचं. सरकारनं घरं बंद केलेली, दाराला खूण केलेली, पण परसाकडच्या दारानं आत जायचं आणि मागाच्या धोट्याची खटखट बाहेर जाऊ नये म्हणून दारावर गोधडी टाकायची. म्हणायचे, दिवसाउजेडी काय हुत न्हाय, ती रातीची फिरती. ती म्हंजे कोण ते कुणी सांगत न्हवतं. मलाबी खरं वाटायचं, खोटं कशाला सांगू. सूर्य आसला की माणसाला भ्या कमीच वाटतंय.

आणि माझा वर्ग. गावातल्या चार वकील-मास्तरांनी मिळून बायकांसाठी काढलेला. हितं दोन वरसं शिकायचं, मग परीक्षा द्यायची, पास झालं की पुण्याला बायकांच्या कॉलेजात पुढं घेत्यात. आमचे हे गुंजीला लाकडाच्या डेपोत कारकून, महिन्यानं एकदा येत्यात, त्यांनीच माझं नाव घातलं. आत्तीला आवडलं न्हाय. आक्का तर वाटंवर गाठून म्हणायची, "काय गं, आज कुठला राजा मेला?" मी म्हणायची मेला एक. "मग रडलीस का न्हाय?" आणि सोताच हसायची. पण तीच माझ्या पोरगीला बघायची. तिची धाकटी लेक, सात वरसाची, माझ्या पोरगीला कमरंवर घिऊन दिवसभर हिंडायची, तिची कंबर वाकडी हुतीया की काय आसं मला वाटायचं.

मला इतिहासच का आवडला सांगाय येत न्हाय. गणित मला जमत न्हवतं. पण मास्तर इतिहास आसा सांगायचे की जणू शेजारच्या घरातलं भांडण. ते म्हातारे, बेळगावातले जुने, आमच्यासारखं बोलत न्हाईत. ते म्हणायचे, "पुस्तकात लिहिलंय म्हणून मानू नका. दोन गोष्टी विचारा. हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं का? आणि असं सांगून त्याला काय मिळतंय?" किल्ल्याच्या लढाईचं आसू दे, न्हायतर कुणी देऊळ बांधलं ते आसू दे, हेच. वर्ग आमराईत आला त्या आठवड्यात त्यांनी आमाला सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला पहिल्या पिलेगाचं इचारून या.

मी आत्तीला इचारलं. चुलीपुढं बसून, लाकडं सारत, तिनं सांगितलं. तिला मोठा लेक व्हता, आमच्या ह्यांच्या आधीचा. त्येला गाठ आली. गोरे सोजीर आले, घराची कौलं काढली, उजेड आत पडावा म्हणून, आणि पोराला डोलीत घालून गावाबाहेरच्या पिलेगाच्या छपरात नेलं. तिला आत सोडलं न्हाय. ती कुंपणाला धरून बसली. तिसऱ्या दिवशी एक बाई बाहेर आली आणि तिच्या हातात पोराचं कडं दिलं.

"त्या छपरात गेलेला माणूस परत येत न्हाय," आत्ती म्हणाली.

मी शिकलेलं इचारलं. "तुमी सोता बघितलासा का?"

"मी कुंपणाला व्हते. मी न्हाय तर कोण बघणार."

दुसऱ्या दिवशी मास्तरांला सांगितलं तवा ते म्हणाले, आता तितं डागदर आसतो, आईलाबी आत सोडत्यात.

आता गाठीकडं येते. मी पोरगीला मांडीवर घेतलं व्हतं आणि आत्ती म्हणत व्हती दिष्ट हाय, उतरंल, आणि आक्का दारात उभी राहून म्हणत व्हती, "वर घोंगडं घाल आणि गप बस. कुणाला दावू नको. कांदा भाजून बांध. माझ्या भावजयीची तशीच बसलीया." मामा बाहेर. आणि मला एकच कळंना की माळावर गाठ आली कुठनं. माळावर कुणाला आली न्हवती. हितं उंदीर न्हाय. वारा मोकळा. माळावर आल्यापासनं पोरगी घरात तर कधी गेली न्हवती.

"आत्ती, ही कुठं व्हती ह्या दिवसांत?"

"हितंच. माझ्याजवळ."

"दिवसभर?"

"मग कुठं जातीया."

मामांला बाहेर जाऊन इचारलं. तेबी म्हणाले हितंच. अगदी तसंच, त्याच शब्दांत. तवा मला वाटलं दोघं ठरवूनच बोलत्यात. मी आत आले आणि पोरगीचं झबलं काढून बघाय लागले, काय बघतीया ते मलाच ठावं न्हवतं. गुडघे बघितले. गुडघ्याच्या वळीत काय तरी वाळून चिकटलेलं, पांढरं, पापुद्र्यासारखं. नखानं काढलं तर त्येच्यात जांभळ्या सुताचं तूस. हाताच्या बोटांच्या बेचक्यातबी तेच.

खळ. आमच्या मागावर जांभळी साडी व्हती.

मी ते आत्तीपुढं धरलं. आत्तीनं माझ्या नखातलं ते बघितलं.

"कांड्यांवर सूत कोण भरणार व्हतं," ती म्हणाली. "ते एकटे विणणार का एकटे भरणार. सरायला आलंय काम. मी दुपारचं जात व्हते. हिला कुणाजवळ ठेवू. आक्काबी तिकडंच, तिच्या मागावर. आक्काची पोरगी हिला घिऊन खड्ड्याच्या काठावर बसायची, खेळायच्या दोघी. दिवसाच तर गेलो गं. उजेडीच."

दारातनं आक्का म्हणाली, "उगाच कशाला उकरतीयास. झालं ते झालं."

मी आत्तीवर वराडले न्हाय. मी पोरगीला पदरात बांधली आणि उठले.

"कुठं?"

"छपरात."

आत्ती दारात आडवी झाली. खरंच आडवी, जमिनीवर. म्हणाली माझ्या आंगावरनं जा. मी सांगितलं आत्ती, तितं आता डागदर हाय, आईला आत सोडत्यात, मास्तर म्हणालेत. ती म्हणाली मास्तरानं बघितलंय का. मास्तरांनी बघितलं न्हवतं. तिनंच बघितलं व्हतं. माझे पाय तितंच थांबले, आणि पोरगी पदरात नुसती भाजत व्हती, तव्यासारखी.

मामांनीच आत्तीच्या काखंत हात घालून तिला बाजूला केलं. माझ्याकडं न बघता म्हणाले, "जा." आणि मग बारीक आवाजात, "घराचं काय बोलू नको. माळावरच झालं म्हण."

छप्पर गावाच्या पलीकडं. ऊन कलत आलेलं. वाटंवर माणसं बघत व्हती आणि रस्ता सोडून शेतात उतरत व्हती. माझ्या कडंवर पोरगी हाय आणि तिचं तोंड झाकलेलं हाय एवढ्यावरनंच त्यांला कळत व्हतं. कुंपणाच्या फाटकावरचा शिपाई कानडीत म्हणाला, आत गेलीस की सांगितल्याशिवाय बाहेर यायचं न्हाय. मी म्हणाले व्हय.

डागदर तरुणच. त्येनं पोरगीला बघितलं, गाठ बघितली, हात धुतले, आणि पयलंच इचारलं, "हे मूल झोपत कुठे होतं, बाई?"

"माळावर."

"आणि दिवसा?"

मी पोरगीचं झबलं सारकं केलं.

"हे पाहा, माळावर आजवर एकही रोगी नाही. ही पहिली. ही जिथे गेली असेल तिथे आणखी पोरं जात असतील. ते कुठलं घर आहे?"

तितं बाकावर पोरगी निजवलेली, तिचा हात माझ्या बोटाला धरलेला. माझ्या डोळ्यापुढं एक एक यायला लागलं. गल्लीतली सगळी परसदारं. दारावरच्या गोधड्या. आत मागावर बसलेली माणसं, त्यांच्या बाजूला कांड्या भरणाऱ्या बायका, त्यांची पोरं. आक्काची लेक. आणि त्येच्याच बाजूनं मामांचं तोंड, आणि ती जांभळी साडी, आणि सरकारनं खड्ड्यात चुना वतला की परत त्या मागावर कधी कुणी बसायचं. डागदर माझ्याकडनं जबरीनं काढून घेणार न्हवता. मी माळ म्हणाले आसते तर माळच लिहिलं आसतं. मला आतनं मास्तरांचं येत व्हतं, सोता बघितलंस का, आणि आसं सांगून काय मिळतंय. मी बघितलं न्हवतं. पण माझ्या नखात खळ व्हती.

मी सांगितलं. गल्लीचं नाव सांगितलं. परसदारांचं सांगितलं. माझं एकटीचं घर सांगून भागलं न्हाय, कारण तो इचारतच गेला आणि मी सांगतच गेले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत सरकारची माणसं गेली. कौलं काढली. मागाचे खड्डे चुन्यानं भरले, ताणे काढून रस्त्यात जाळले, जांभळीबी गेली, सगळ्यांच्याच गेल्या. आणि दिवसा आत जाणाऱ्या सगळ्यांला, बायापोरांसकट, माळावरनं उठवून हिकडंच आणलं, छपराच्या बाजूच्या पालात ठेवायला, निरोगी हाईत का बघायला. मी कुडाच्या फटीतनं बघितलं. आक्का व्हती, तिची लेक व्हती, आत्ती व्हती. आत्ती चालतच आली, कुणी धरलेलं न्हवतं, फाटकापाशी आली तवा मात्र तिचं पाऊल उचलंना. शिपायानं ढकललं.

माझ्या पोरगीची गाठ फुटली. डागदर म्हणाला फुटली ते बरं झालं. ताप उतरला. तिनं पाणी मागितलं, मग पेज मागितली, मग रडाय लागली, बरी माणसं रडत्यात तसं. मला रडू आलं न्हाय. मला वाटत व्हतं मोठ्यानं श्वास घेतला तरी परत काय तरी हुईल.

आणि त्याच दिवसांत पालात आक्काच्या लेकीला ताप आला. तिला छपरात आणलं, माझ्यापासनं चार खाटा पलीकडं. तिची गाठ काखंत. मी तिच्याकडं जात व्हते, डोईवर ओलं फडकं ठेवत व्हते, ती मला इचारायची, बाळ कुठाय, बाळाला दाव. मी पोरगीला उचलून लांबनं दावायची. तिची गाठ फुटली न्हाय.

आमाला सोडलं तवा आत्ती आणि मी एकाच वाटंनं आलो, पण ती म्होरं आणि मी मागं. साथ सरल्यावर कौलं परत घालून घरात आलो, पण घरात आता मागाच्या जागी पांढरा चौकोन हाय नुसता. मामा तितं बसत न्हाईत. बसायला दुसरी जागा न्हाय म्हणून सोप्यावर उभेच राहत्यात, आणि सकाळी उठून दुसऱ्या पेठंत कुणाच्या तरी मागावर रोजानं जात्यात. गल्लीत माझ्याशी कुणी बोलत न्हाय. मी पाण्याला गेले की बायका घागरी आर्ध्या भरलेल्या उचलून जात्यात. माझी परीक्षा तर हुकलीच व्हती. मास्तरांनी पुण्याला कळवलं, तिकडनं त्यांनी परत घेतली, आणि मी पास झाले. इतिहासात बरी झाले म्हणत्यात.

मास्तरांला मी इचारलं, बाकीच्या बायका गेल्यावर. आक्काच्या लेकीला रोग घरातच लागला व्हता का पालात लागला? घरात लागला आसंल तर मी बोलून काय बिघडवलं न्हाय. पालात लागला आसंल तर तिला तितं मीच नेली. मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले, लई पुसला.

"मला माहीत नाही, बाई."

"डागदराला ठावं आसंल?"

"त्यालाही नसेल."

आमचे हे गुंजीहून आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, बापाकडनं येगळं, आईकडनं येगळं, माझ्याकडनं येगळं. मामा म्हणाले, "तिला पुण्याला धाड. पोरीला घिऊन जाऊ दे. हितं नको." रागानं म्हणाले का मायेनं म्हणाले ते मला अजून समजलेलं न्हाय. मला जायचंच व्हतं की पुण्याला. दोन वरसं तेवढंच मनात व्हतं. पण आसं न्हाय. आता टरंक भरताना मला वाटतंय मला कुणी तरी घरातनं काढाय लागलंय.

काल आक्का आली. दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली न्हाय. पोरगी लंगडत तिच्याकडं गेली, तिचा पाय अजून नीट पडत न्हाय, आणि आक्काच्या लुगड्याला धरून वर बघाय लागली. आक्कानं तिला उचललं न्हाय. ढकललंबी न्हाय.

"तू बोलली नसतीस तर माझी लेक कदाचित माळावरच मेली आसती," ती म्हणाली. "नायतर मेलीच नसती. ह्यातलं कुठलं, सांग. तू शिकलीयास न्हवं."

मी म्हणाले, आक्का. तिनं लुगडं सोडवून घेतलं आणि गेली.

परवा गाडी हाय. पोरगी आत निजलीया, मी दर थोड्या वेळानं जाऊन तिच्या आंगाला हात लावून येतीया, गार हाय का बघाय, आणि परत येऊन हे लिहितीया. पुण्यात बोर्डिंगात उंदीर आसतील का ते कुणाला इचारावं कळत न्हाय. तुमी शिकलेल्या बाया, घरात बसून हे वाचतासा, तुमचं लेकरू बाकावर पडलंय, त्येनं तुमचं बोट धरलंय, आणि समोरचा माणूस इचारतोय कुठलं घर, कुठली गल्ली. तुमी काय सांगितलं आसतंसा?